पहिल्या प्रोग्रॅमरला कोणी प्रोग्रॅम केलं?

सिरोंचात इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या पोरांचं गाडं एका ठिकाणी हमखास अडतं. चिप कोणती घ्यायची ते व्हिडिओ पाहून ठरतं, सेन्सरही ठरतो, पण प्रोग्रॅमर काही ठरत नाही. संगणकावर लिहिलेला प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरच्या पोटात नेऊन ठेवणारी ही बोटभर पट्टी. यूएसबीएएसपी घ्यावा, पिककिट घ्यावा, की आर्डुइनोवरच भागवावं? कोणी ‘सर’ म्हणून विचारतं, कोणी ‘अन्ना’ म्हणून. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर या प्रश्नाला फारसं वजन नाही. स्वस्तातला एक घ्यायचा, बिघडला तर संध्याकाळी जाऊन दुसरा आणायचा. सिरोंचात तो संध्याकाळचा दुसरा मिळत नाही, म्हणून इथे हा प्रश्न मुळापासून विचारावा लागतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे हे गाव. नदीपलीकडे तेलंगणातलं काळेश्वर. तालुक्याच्या पूर्वेला इंद्रावती, तिच्या पल्याड छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवर, आणि वाट आलापल्लीच्या सागवानी जंगलातून. गोदावरीवर आणि प्राणहितेवर पूल झाले ते अलीकडच्या दहा-बारा वर्षांत. त्याआधी पलीकडे जायचं तर नावेतून. आजही एखादा पार्ट तातडीने हवा असला तर नागपूरपेक्षा वरंगळ नाहीतर करीमनगर जवळ पडतं. या गावाला मोठ्या मार्गाची आशा एकदा लागली होती. १८६० ते १८७४ या काळात सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. गोदावरीतून बोटी वर आणायच्या आणि वर्धा खोऱ्यातला कापूस त्याच वाटेने समुद्राकडे न्यायचा, असा तेव्हाच्या सरकारचा बेत होता. नदीतल्या खडकांच्या तीन मोठ्या अडथळ्यांशी झगडून १८७१ मध्ये ते काम सोडून देण्यात आलं. तीन वर्षांनी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. बाहेरून माल येत राहील या भरवशावर आखलेलं काम इथे कसं बसतं, हे गावाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रोग्रॅमरची किंमत, त्याचा वेग, तो किती चिपा ओळखतो, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा विचारावा: या प्रोग्रॅमरपासून दुसरा प्रोग्रॅमर तयार होतो का? आजच्या बहुतेक प्रोग्रॅमरमध्ये स्वतःचा एक मायक्रोकंट्रोलर असतो. कारखान्यातून येताना तोही कोराच असतो. त्याच्यात प्रोग्राम भरायला आणखी एक प्रोग्रॅमर लागतो, आणि त्या प्रोग्रॅमरला त्याच्या आधीचा. विरजणाशिवाय दही लागत नाही, आणि ते विरजण कालच्याच दह्याचं असतं, तसा हा प्रकार. मग सुरुवात कुठून झाली? हे शोधत मागे गेलं की कोणता घ्यायचा याचं उत्तरही बरंचसं वाटेतच सापडतं.

अगदी मागे गेलं तर १९५६ साल लागतं. अमेरिकेत ॲटलस क्षेपणास्त्राच्या संगणकात लक्ष्याचे आकडे साठवायचे होते. ते आकडे बदलले की प्रत्येक वेळी यंत्र नव्याने बांधणं परवडणारं नव्हतं. अमेरिकन बॉश आर्मा या कंपनीतल्या वेन त्सिंग चाऊ यांनी युक्ती काढली. सगळ्या जोडण्या असलेली स्मृती तयार ठेवायची, आणि नको त्या जोडण्या जास्त करंट सोडून जाळून टाकायच्या. पहिला प्रॉम तो हाच. एकदा जाळलेलं परत जोडता येत नाही, म्हणजे चूक झाली की तुकडा फेकून द्यायचा. तरीही त्यात एक मोठी गोष्ट होती. काय साठवायचं हे ठरवण्याचा हक्क चिप बनवणाऱ्याकडून चिप वापरणाऱ्याकडे आला होता. मास्क रॉमच्या चिपेत प्रोग्राम कारखान्यातच, चिप घडवताना कोरला जातो. त्यासाठी हजारोंनी मागणी नोंदवावी लागते. एक नग हवा असलेल्या माणसाला त्या दारात उभं राहायलाही जागा नव्हती.

पुसता येणारी स्मृती एका बिघाडाच्या तपासातून निघाली. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन सदोष चिपा तपासत होते. ट्रान्झिस्टरच्या गेटची जोडणी तुटून ते अधांतरी राहिलं की चिपेचं वागणं बिघडतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी विचार उलटा फिरवला. गेट मुद्दामच अधांतरी ठेवलं आणि त्यावर विद्युतभार अडकवला, तर तो वर्षानुवर्षं तिथेच बसेल. त्यातून १९७१ मध्ये इंटेलचा १७०२ हा ईप्रॉम आला, २५६ बाइटचा. पुसण्यासाठी चिपेच्या पाठीवर क्वार्ट्‌झची खिडकी ठेवली होती. अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरलं की आतला भार निघून जातो आणि चिप पुन्हा कोरी होते. प्रोग्राम भरल्यावर त्या खिडकीवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे उन्हाने पुसला जाऊ नये.

इथून प्रोग्रॅमर हे वेगळं, टेबलावर ठेवायचं यंत्र झालं. २७१६ या दोन किलोबाइटच्या ईप्रॉमला भरताना पंचवीस व्होल्ट द्यावे लागत, आणि प्रत्येक बाइटला पन्नास मिलिसेकंद. २०४८ बाइटचे शंभर सेकंदांहून थोडे जास्त होतात. चाळीस-चाळीस पायांच्या चिपा, त्यांच्यासाठी कळ दाबून उघडणारं सॉकेट, वेगवेगळे व्होल्टेज बनवणारी सर्किटं. अशी पेटी घरी बनवायची म्हणजे मोठंच काम. १९७६ मध्ये इंटेलने ८७४८ आणला. त्यात प्रोसेसर आणि खिडकीचा ईप्रॉम एकाच तुकड्यावर होते. १९८० मध्ये ८०५१ आला आणि त्याच्या पाठोपाठ खिडकीवाला ८७५१.

महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य या ८०५१ भोवती गेलं. आधी ८०८५ चं किट, त्यावर हेक्सची बटणं दाबून भरलेला प्रोग्राम, वीज गेली की सगळं पुसलं. मग ८०५१. खिडकीवाला ८७५१ महाग, म्हणून रॉम नसलेला ८०३१ घ्यायचा, शेजारी ७४३७३ लॅच आणि २७६४ ईप्रॉम बसवायचा. तीन चिपा, पत्त्याच्या आणि डेटाच्या तारांचं जाळं, आणि त्यातली एक तार ढिली झाली की सगळं बंद. ईप्रॉम भरायचं यंत्र प्रयोगशाळेत कुलपात असायचं. ज्याच्याकडे किल्ली त्याच्या सवडीने काम चालायचं. त्या काळात अनेक हुशार मुलांनी प्रोग्राम कागदावर लिहिला, तोंडपाठ केला, पण चिपेत चाललेला पाहिला नाही. त्यांना बुद्धी कमी पडली नव्हती. भरण्याचं साधन दुसऱ्याच्या हातात होतं, एवढंच कारण. जिल्ह्याच्या ठिकाणापासून गाव जितकं दूर, तितकं हे कुलूप जड, आणि सिरोंचा तर सगळ्यात दूर.

१९९३ हे साल या वंशावळीत फार महत्त्वाचं आहे. त्या एका वर्षात दोन चिपा आल्या. ॲटमेलने एटी८९सी५१ आणला. तोच ८०५१, पण विजेने पुसता येणाऱ्या फ्लॅश स्मृतीचा. अतिनील दिवा गेला, खिडकी गेली. पण प्रोग्राम भरण्याची पद्धत जुनीच राहिली: आठ तारांवर डेटा, दुसऱ्या दोन पोर्टांवर पत्ता, एका पायावर बारा व्होल्ट. चिप सर्किटमधून उपटून प्रोग्रॅमरच्या सॉकेटमध्ये बसवायची आणि परत आणून लावायची. चार-पाच वेळा असं झालं की पाय वाकतात, मग एखादा तुटतो.

दुसरी चिप मायक्रोचिप कंपनीची, पिक१६सी८४. हिचा प्रोग्राम दोन तारांवरून भरता येई, एक घड्याळाची आणि एक डेटाची, शिवाय रिसेटच्या पायावर बारा-तेरा व्होल्ट. चाळीस तारांचं काम दोन तारांवर आलं आणि घरगुती प्रोग्रॅमरचं युग तिथून सुरू झालं. मॅंचेस्टरच्या डेव्हिड टेट यांनी मोजक्या सुट्या पार्टांतून होणारा प्रोग्रॅमर जगाला फुकट दिला. डेन्मार्कच्या येन्स मॅडसन यांचा जेडीएम तर सीरियल पोर्टवरूनच वीज घ्यायचा, वेगळा सप्लाय नको.

१९९७ मध्ये ॲटमेलने एव्हीआर आणला. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलन या दोघांनी विद्यार्थी असताना ज्या रचनेवर काम केलं, तिचंच हे बाजारात आलेलं रूप. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने एव्हीआरची थोरवी एकाच गोष्टीत आहे. त्याला बारा व्होल्ट लागत नाहीत. रिसेट खाली ओढून धरायचा आणि नेहमीच्या पाच व्होल्टवर मोसी, मिसो, एससीके या तीन तारांवरून प्रोग्राम आत सोडायचा. चिप सर्किटमध्येच राहते. पुढे ॲटमेलने ८०५१ लाही हीच सोय दिली आणि एटी८९एस५२ आला. तिथे फरक इतकाच, की रिसेट वर ओढून धरावा लागतो.

आता या लेखाच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. पाच व्होल्ट आणि चार तारा पुरतात म्हटल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की संगणकाच्या प्रिंटर पोर्टमधूनही पाच व्होल्टच्या तारा निघतात, आणि प्रत्येक तार सॉफ्टवेअरने हवी तशी वर-खाली करता येते. म्हणजे प्रिंटरचा प्लग, चार-पाच रेझिस्टन्स आणि हातभर वायर एवढ्यात एव्हीआरचा प्रोग्रॅमर होतो. जास्त काळजी घ्यायची तर मध्ये ७४एचसी२४४ हा बफर टाकायचा. इटलीच्या क्लॉडिओ लँकोनेली यांचं पोनीप्रॉग हे सॉफ्टवेअर त्यावर चालायचं. या केबलमध्ये एकही मायक्रोकंट्रोलर नाही. तिला कोणी प्रोग्रॅम करावं लागत नाही. सगळी अक्कल संगणकाची, केबल फक्त वाट. या कुळाचा मूळपुरुष म्हणायचा तो हिलाच. आजच्या कोणत्याही प्रोग्रॅमरचा वंश मागे नेत गेलं, तर तो कधी ना कधी अशा एखाद्या केबलपाशी, नाहीतर माणसाने बोटाने दाबलेल्या स्विचांपाशी पोचतो.

ही केबल खेड्यासाठी वरदान होती, आणि ती फार लवकर गेली. २००० नंतरच्या दशकात लॅपटॉपांवरून प्रिंटर पोर्ट नाहीसा होत गेला. सीरियल पोर्ट काही दिवस टिकला, पण लॅपटॉपचा सीरियल पोर्ट पुरेसे व्होल्ट देईना, त्यामुळे जेडीएमसारखे प्रोग्रॅमर एका संगणकावर चालत आणि दुसऱ्यावर नाही. यूएसबी आलं. यूएसबीवर नुसती तार वर-खाली करून भागत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी बोलणारं, आपली ओळख सांगणारं लागतं, म्हणजे तिथे एक प्रोग्रॅम केलेली चिप आलीच. साध्या तारेने होणारं काम पुन्हा दुसऱ्या कोणावर तरी अवलंबून झालं. नवी यंत्रं आली, वेग वाढला, पण ज्याच्याकडे आधीचा प्रोग्रॅमर नाही त्याच्यासाठी दार पूर्वीपेक्षा अरुंद झालं. शहरातल्या माणसाला हे जाणवलंही नाही, कारण त्याने तयार पट्टी विकत घेतली.

दार परत रुंद केलं ते काही माणसांनी, आपलं काम उघडं ठेवून. व्हिएन्नाच्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंटने व्ही-यूएसबी नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. यूएसबीसाठी खास चिप न घेता साध्या एव्हीआरलाच यूएसबी बोलायला लावणारं ते सॉफ्टवेअर. यूएसबीचा धीमा वेग सेकंदाला पंधरा लाख बिटांचा. बारा मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या चिपेला त्यातल्या एका बिटासाठी घड्याळाचे मोजून आठ ठोके मिळतात. तेवढ्यात बिट वाचायचा, तपासायचा आणि साठवायचा. इतकं काटेकोर काम त्यांनी असेम्ब्लीत बसवलं. त्याच्या आधारावर जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी २००५ च्या सुमारास यूएसबीएएसपी केला. एक ॲटमेगा८, बारा मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, दोन झेनर डायोड, मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. नकाशा आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुली. आज दोन-तीनशे रुपयांत मिळणारी जी पट्टी मुलं हातात घेऊन येतात, ती याच नकाशाची नक्कल.

या पट्टीवर एक जंपर असतो, किंवा जंपर न लावता नुसती दोन भोकं सोडलेली असतात. पुष्कळांना ती दिसतही नाहीत. ती जोडली की यूएसबीएएसपी स्वतः दुसऱ्याकडून प्रोग्राम घ्यायला तयार होतो. दोन पट्ट्या दहा तारांच्या केबलने जोडायच्या, एकीवर हा जंपर लावायचा, आणि एक दुसरीला भरते. म्हणजे नकाशा काढणाऱ्याने वंश पुढे जाण्याची वाट बोर्डावरच ठेवली आहे. कोणी मला एकच गुण विचारला, तर मी या दोन भोकांकडे बोट दाखवीन.

हीच कल्पना महाराष्ट्रात सर्वांत ठसठशीत दिसते ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या किंवा शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावं, ही त्यांची धारणा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवण्याची कार्यशाळा, पाबळला आली. अमेरिकेबाहेरची ही पहिली फॅब लॅब, आणि ती शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात. पुढे फॅब लॅबच्या जगभरच्या अभ्यासक्रमात, फॅब अकॅडमीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरुवातीलाच एक पाठ आला: आपला प्रोग्रॅमर आपण बनवा. तांब्याच्या पत्र्यावर मिलिंग मशीनने पीसीबी कोरायचा, पार्ट सोल्डर करायचे, आणि फॅबआयएसपी तयार करायचा. तो डेव्हिड मेलिस यांनी मांडला, लिमॉर फ्रीड यांच्या यूएसबीटायनीआयएसपीवरून; आणि तो उभा आहे डिक स्ट्रीफलँड यांच्या यूएसबीटायनीवर. मेलिस हे आर्डुइनोच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे इथेही घराणं आहे, आणि कोणी कोणाकडून घेतलं ते उघड सांगितलेलं आहे.

फॅबआयएसपी बनवताना शेवटची पायरी मोठी बोलकी आहे. बोर्डावर दोन जोड असतात. ते असेपर्यंत बोर्ड दुसऱ्या प्रोग्रॅमरकडून प्रोग्राम घेतो. भरून झालं की ते जोड काढून टाकायचे, आणि त्या क्षणापासून तो इतरांना भरायला मोकळा. वर्गातला एकाचा चालला की तो शेजाऱ्याचा भरतो, शेजारी त्याच्या पुढच्याचा. याची पुढची एक आवृत्ती एटीटायनी४५ वर आहे. तिच्यात पाय इतके कमी, की रिसेटचा पायही कामाला घ्यावा लागतो. एकदा ते केलं की त्या बोर्डाला बारा व्होल्टशिवाय परत हात लावता येत नाही. मला स्वतःला पहिली आवृत्ती जास्त पटते. शिकणाऱ्याच्या हातात जी वस्तू द्यायची, ती परत उघडता यावी.

आर्डुइनोबद्दल थोडक्यात. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआत तो जन्मला, आणि त्याने प्रोग्रॅमर चिपेच्या आतच नेऊन बसवला. बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम आधीच भरून ठेवायचा, मग नुसत्या यूएसबी केबलने काम होतं. २०१० च्या ऊनोवर तो बूटलोडर अर्ध्या किलोबाइटचा आहे, बत्तीस किलोबाइटच्या चिपेत. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या उपक्रमामुळे इंजिनिअरिंगच्या मुलांच्या हाती एव्हीआरवर चालणारा फायरबर्ड रोबो आला, आणि २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमधून शाळकरी मुलांपर्यंत आर्डुइनो पोचला. हे सगळं चांगलंच झालं. पण बूटलोडरही कोणीतरी आधी भरावाच लागतो. सुटी ॲटमेगा३२८ आणली तर ती कोरी असते, आणि कोऱ्या चिपेशी यूएसबी केबल बोलू शकत नाही.

सिरोंचात सुटी चिपच का हवी, असं कोणी विचारील. इथली कामं काय आहेत ते पाहावं. तालुक्यात कापूस, मिरची, धान. रात्री रानडुकरं येतात. शेताला सौर झटका मशीन लावलेलं असतं. विदर्भात कुंपणाच्या तारेत थेट लाइनची वीज सोडून माणसंही मेली आहेत आणि वाघही. म्हणून तारेत झटका सोडणारा भाग प्रमाणित मशीनचाच असावा, तिथे पोरांनी हात घालू नये, हे मी प्रत्येकाला बजावतो. पण त्याच्याभोवती करण्यासारखं पुष्कळ आहे: अंधार पडला की चालू करणं, बॅटरी उतरली की सांगणं, तार तुटली की भोंगा वाजवणं. दुसरं काम नदीचं. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली. नाल्यात पाणी अमुक रेषेला लागलं की इशारा देणारं साधं यंत्र, तरंगता चुंबक आणि रीड स्विचवर चालणारं, कोणत्याही आयटीआयच्या मुलाला जमेल.

ही दोन्ही यंत्रं महिनोन्महिने बॅटरीवर उघड्यावर राहतात. आर्डुइनोचा बोर्ड काही न करता बसला तरी त्यावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि लुकलुकणारा दिवा मिळून बरेच मिलिअँपिअर खातात. सुटी एटीटायनी८५ झोपवून ठेवली तर ती मायक्रोअँपिअरांवर जगते. म्हणून शेवटी सुट्या चिपेकडे यावं लागतं, आणि सुटी चिप आली की प्रोग्रॅमर आलाच.

गंमत अशी, की नव्या चिपांच्या बाबतीत चक्र अर्धं उलटं फिरलं आहे. ईएसपी८२६६, ईएसपी३२ किंवा २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको यांच्यात बूटलोडर कारखान्यातच, मास्क रॉममध्ये कोरलेला असतो. तो पुसला जात नाही, म्हणून या चिपा सहसा कायमच्या अडकत नाहीत. पिको तर बटण दाबून लावला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाकली की झालं. ज्या मास्क रॉमने एकेकाळी लहान माणसाला बाहेर ठेवलं, त्याच मास्क रॉमने आता त्याला आत घेतलं आहे. शिवाय एक पिको दुसऱ्या पिकोचा प्रोग्रॅमर आणि डीबगर होऊ शकतो.

आणि मूळपुरुषही परत आला आहे. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतलं, पिक आणि एव्हीआर एका घरात आले. त्याच सुमाराच्या नव्या एटीटायनींना यूपीडीआय नावाची एकच तार पुरते. साधं यूएसबी-सीरियल मॉड्यूल आणि एक रेझिस्टन्स किंवा डायोड एवढ्यावर ती भरता येते. रेझिस्टन्सची ती जुनी केबलच ही, यूएसबीच्या कपड्यांत.

तर मुलं विचारतात तेव्हा मी असं सांगतो. यूएसबीएएसपी घे, पण दोन घे. आल्या दिवशीच एकाने दुसरा भरून पाहा, म्हणजे जंपर कुठे आहे ते कळेल आणि दोन्ही चालतात याची खात्री होईल. दोघा-तिघांनी मिळून घेतले तरी चालतील. एटी८९एस५२ ची सवय असेल तर काही यूएसबीएएसपींचं फर्मवेअर त्यालाही भरतं. कोरी चिप आली आणि प्रोग्रॅमर तिला ओळखत नाही असं झालं, तर घाबरू नको. कारखान्यातून एटीटायनी८५ एक मेगाहर्ट्‌झवर येते, आणि प्रोग्रॅमरचा वेग चिपेच्या वेगाच्या पाव भागाहून कमी हवा. यूएसबीएएसपीवर त्यासाठी संथ वेगाचा वेगळा जंपर आहे. एव्हीआरड्यूड या चिप भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बी या पर्यायानेही वेग उतरवता येतो. ‘चिप खराब निघाली’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी चिपा अशा चांगल्या असतात.

यूएसबीएएसपी यायला वेळ असेल आणि घरात आर्डुइनो असेल, तर त्याच्यात ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’ हा प्रोग्राम भरून त्यालाच प्रोग्रॅमर कर. ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावायला विसरू नको, नाहीतर तो दर वेळी स्वतःच रिसेट होईल. कंडेन्सर लावायचा तो हा प्रोग्राम भरून झाल्यावर. अशा आर्डुइनोने कोऱ्या ॲटमेगा८ मध्ये यूएसबीएएसपीचं फर्मवेअर भरता येतं, आणि फेरिक क्लोराइडने कोरलेल्या पीसीबीवर तो बसवला की गावात बनलेला प्रोग्रॅमर तयार होतो. चिपेच्या मूळ सेटिंगचे फ्यूज बिट बदलताना मात्र दोनदा वाच. क्रिस्टल नसताना क्रिस्टलचा फ्यूज लावला तर चिप गप्प होते. दुसऱ्या चिपेतून घड्याळाची लहर काढून तिच्या एक्सटाल-१ पायाला दिली की ती परत बोलते. रिसेटचा फ्यूज घालवला तर बारा व्होल्टचा प्रोग्रॅमर लागतो. तोही एका आर्डुइनोवर, एक ट्रान्झिस्टर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर उभा राहतो.

पिकची चिप वापरायची असेल तर पिककिट-२ च्या नकाशाचा प्रोग्रॅमर शोध, कारण त्याचा नकाशा आणि फर्मवेअर कंपनीनेच उघडं केलं होतं. त्याच्या पोटात पिक१८एफ२५५० ही एक चिप आहे. ती गेली तर नवी बसवता येते, फक्त ती भरायला कोणाकडे तरी चालणारा पिककिट हवा. नदीच्या इशाऱ्यासारखं काही नव्याने करणार असशील, तर एटीटायनी४१२ किंवा त्याच्या भावकीतली चिप घे आणि यूएसबी-सीरियल मॉड्यूलची केबल स्वतः बनव. ते मॉड्यूल ईएसपीलाही चालेल, एव्हीआरलाही. ज्या पोराकडे सध्या फक्त शंभर-दीडशे रुपये आहेत, त्याने आधी ते मॉड्यूल घ्यावं.